केंडाचा उजवा डोळा

त्या सोमवारी सकाळी मी हॉलमधल्या टाकीचा दिवा लावला. मासा रोजच्यासारखा काचेपाशी आला आणि तोंडाची उघडमीट करत खायला मागू लागला. त्याचा उजवा डोळा पांढरा झाला होता. थोडाथोडका नाही, दुधावर साय धरावी तसा सगळा बुबुळभर.

"झालं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. दया वगैरे नंतर आली.

आम्ही धारवाडला मळमड्डीत राहतो, मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात भूगोल शिकवत होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझा मोठा भाऊ मस्कतला असतो. त्याला मी अण्णा म्हणते. टाकी त्याची. हुबळीत नोकरीला असताना त्याला खाऱ्या पाण्यातल्या माशांचा नाद लागला, आणि त्याच्या भाड्याच्या घराच्या मालकाने एवढं वजन वरच्या मजल्यावर ठेवू दिलं नाही, म्हणून साडेतीनशे लिटरची ती काचेची पेटी आमच्या हॉलमध्ये आली. दर शनिवार-रविवार तो यायचा, पाणी बदलायचा, नळ्या धुवायचा, खुशीत असायचा. मग मस्कतची नोकरी लागली. जाताना म्हणाला, "चार महिने सांभाळ, तोवर मी काहीतरी सोय करतो." त्याला आता चार वर्षं होऊन गेली.

तो गेला तेव्हा हा मासा लिंबाएवढा होता. आता सोललेल्या नारळाएवढा आहे. अंगभर काटे, एरवी अंगाला चपटे बसलेले. घाबरला की पाणी पिऊन फुगतो आणि काटे उभे राहतात. दुकानदार त्याला पफर म्हणतात. आमच्या शेजारच्या बाई मूळच्या कारवारच्या. त्या पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर केंड! आमच्याकडे जाळ्यात आला तर शिव्या देऊन परत फेकतात." तेव्हापासून आम्हीही केंडच म्हणतो. त्याच्या जोडीला नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन छोटे मासे होते. केंडाला खायला कोळंबी लागते, आणि दात झिजावेत म्हणून कवचासकट तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले. आमच्या घरात संकष्टीला कांदासुद्धा चिरला जात नाही. कोळंबीसाठी मागच्या व्हरांड्यात वेगळा छोटा फ्रीज आहे. तो आणला त्या दिवशी अप्पा देवघराचं दार लावून बसले होते. सहा महिन्यांनी तेच अप्पा माशाला स्वतःच्या हाताने भरवायला लागले.

तर असा हा मासा. आणि माझा पोटापाण्याचा उद्योगच डोळ्यांचा. सप्तापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षं आहे. चष्म्याचे नंबर काढते, डोळ्यांतला दाब मोजते, थेंब घालते, डॉक्टर बघायच्या आधी काय झालं, केव्हापासून, काय घातलं, हे सगळं विचारून लिहून ठेवते. पांढरे डोळे मी रोज बघते. म्हणूनच बहुधा त्या सकाळी मला वाटलं, यात काय मोठंसं, हे मला कळतं. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच झाली.

आधी अण्णाला फोटो पाठवला. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"पाण्याचे आकडे सांग," तो म्हणाला.

"कसले आकडे? डोळा पांढरा झालाय म्हणते मी."

"अगं, अमोनिया किती, नायट्रेट किती, खारेपणा किती. ते कळल्याशिवाय मी काय सांगू?"

मी कपाटातून तपासणीच्या बाटल्या काढल्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनियाच्या बाटलीवरची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. मी सांगितलं तर म्हणाला, "मग नवीन मागव. आणि मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं ना, एक वेगळी छोटी टाकी तयार ठेव, आजारी मासा काढून ठेवायला?" म्हटलं होतं खरं. तो बरंच काही म्हणतो. मस्कतला बसून म्हणायला काय जातं? मला साडेनवाला दवाखान्यात पोहोचायचं होतं, अप्पांचं जेवण झाकून ठेवायचं होतं आणि नळाला पाणी यायची वाट बघायची होती. मी फोन ठेवला.

मंगळवारी दुपारची सुट्टी घेऊन हुबळीला गेले. अण्णा जिथून मासे घ्यायचा ते दुकान अजून आहे, पण मालक बदललाय. नव्या मालकाने माझ्या मोबाइलवरचा फोटो नीट बघितलाही नाही. मागच्या फळीवरून निळ्या औषधाची बाटली काढून पुढे केली.

"हे डोळ्यासाठी आहे का?" मी कानडीत विचारलं.

"सगळ्याला चालतंय, मेडम. डोळा, शेपटी, अंगावरचे ठिपके, सगळं."

"खाऱ्या पाण्यातल्या माशाला चालेल?"

"एन आगंगिल्ल बिड्री," तो म्हणाला. काही होत नाही, सोडा हो.

बाटलीवर बारीक अक्षरात तांब्याचं नाव होतं. अण्णाने एकदा निक्षून सांगितलेलं मला आठवत होतं, की केंडाला खवले नसतात, तांबं त्याला सोसत नाही. मी तसं म्हटलं तर दुकानदार हसला आणि म्हणाला, मग तुम्हालाच सगळं माहीत असेल तर इथे कशाला आलात. मी बाटली तिथेच ठेवली आणि रिकाम्या हाताने बस धरली. धारवाडपर्यंत माझ्या मनात त्याच्याशी भांडण चालू होतं. सगळी उत्तरं धारवाडच्या अलीकडचं नवलूर गेल्यावर सुचली.

बुधवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेले. माझ्यापुढे एक म्हैस होती, दोन शेळ्या आणि प्लास्टर घातलेलं एक कुत्रं. माझ्या हातात फक्त मोबाइल. डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "माशांचा आम्हाला एक पेपर होता, तोही तळ्यातल्या माशांचा. समुद्रातल्याला मी हात लावलेला नाही. उगाच काहीतरी लिहून देणं बरं नव्हे." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वंद कण्णो, यरडूनो?" एकच डोळा की दोन्ही?

"एकच."

"एकच असेल तर आधी काय लागलं ते बघा. पाणी बिघडलं असतं किंवा रोग असता तर बहुतेक दोन्ही डोळ्यांना दिसला असता. म्हशीचं मी असंच बघतो."

या सगळ्या दिवसांत कुणी शहाणपणाचं काही बोललं असेल तर ते हे. पण मी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. म्हशीच्या हिशेबाने माझ्या माशाचं निदान करतात, असं मला वाटलं. तोपर्यंत डोळा थोडा पुढेही आला होता, सुजल्यासारखा. पांढरा आणि सुजलेला म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे प्रतिजैविक, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याच दिवशी आमच्या दवाखान्यात कलघटगीहून एक बाई आली. मक्याचं पान डोळ्याला लागलेलं. सहा दिवस तिने शेजारणीकडचे उरलेले थेंब घातले होते, आणि त्या थेंबांनीच बुबुळावरची जखम चिघळली होती. मी तिला फैलावर घेतलं. "कुणी सांगितलं तुम्हाला स्वतःच औषध घालायला? लगेच यायचं नाही का?" बाईने पदराने गाल पुसला आणि म्हणाली, "दुखत होतं हो अक्का. काहीतरी करायला नको का?"

आणि त्याच संध्याकाळी घरी जाताना मी बाजारातल्या जनावरांच्या औषधाच्या दुकानातून कोंबड्यांना पाण्यातून देतात ती पिवळी पूड घेतली. पाकिटावर कोंबडीचं चित्र होतं. किती घालायची ते अंदाजाने ठरवलं. वेगळी टाकी नव्हती, म्हणून सगळ्या मोठ्या टाकीतच घातली. अप्पा खुर्चीत बसून बघत होते.

"अगं, थोडं थांबून बघू की," ते म्हणाले. "आपोआप उतरेल कदाचित."

"अप्पा, तुम्ही यात पडू नका. हे माझं काम आहे."

ते गप्प बसले. ते इतक्या लवकर का गप्प बसले याचा मी तेव्हा विचार केला नाही.

गुरुवारी सकाळी पाणी चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं होतं आणि वर साबणासारखा फेस. शुक्रवारी दोन्ही छोटे मासे वर येऊन धापा टाकत होते. पूड जंतूंना मारते हे मला माहीत होतं. पण गाळणीत आणि दगडांत राहून माशांची घाण पचवणारेही जंतूच असतात, आणि ते मेले की टाकी स्वतःच्याच घाणीत नासते, हे मला माहीत नव्हतं. अण्णाला होतं. त्याला मी विचारलंच नव्हतं. तपासणीची नवी बाटली त्याच दिवशी कुरियरने आली. अमोनियाचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या गडद हिरव्या चौकोनाशी जुळला. शनिवारी दुपारी छोट्यांपैकी एक मेला. आणि केंडाचा डावा डोळा, जो तोवर स्वच्छ होता, तोही धुरकटला.

मी टाकीसमोर उभी राहिले. कलघटगीच्या बाईला मी जे जे बोलले होते ते शब्दन्‌ शब्द मला आठवत होतं. बाईने निदान स्वतःच्या डोळ्यात घातलं होतं.

अण्णाला व्हिडिओ कॉल लावला. टाकीकडे कॅमेरा धरला. काय घातलंस म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं. मग तो फुटला.

"कोंबड्यांचं औषध? सगळ्या टाकीत? तुला वेड लागलंय का?"

"मग काय करायचं होतं? इथे कोण आहे सांगायला?"

"मी आहे ना! एक फोन करायचा होता!"

"तू आहेस?" माझा आवाज चढला. चढू दिला. "तू कुठे आहेस? चार महिन्यांसाठी म्हणून ठेवून गेलास. पाणी मी बदलायचं, मीठ मी कालवायचं, फ्रीजमधली कोळंबी मी सोलायची, आणि तू आकडे विचारणार. अप्पांचे गुडघे दुखतात ते तुला माहीत नाही, पण खारेपणा किती ते तुला पाहिजे. तुझा हा समुद्र मी का सांभाळायचा, सांग ना? तिथे तर घराबाहेर पडलास की समुद्र आहे!"

अण्णाच्या मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अप्पा बोलले.

"दगड मी हलवला होता," ते म्हणाले.

आम्हा दोघांनाही कळलं नाही. मी फोन खाली घेतला.

"मागच्या आठवड्यात. तू दवाखान्यात होतीस. तो मासा दिवसभर त्या मोठ्या दगडाच्या मागे जाऊन बसायचा, मला इथून दिसायचा नाही. म्हणून तो दगड मी काठीने सरकवला. एक टोक मोडलं. त्या मोडलेल्या कडेवर तो घासला त्या रात्री. मी घासताना बघितलं."

"बघितलंत? आणि सांगितलं नाहीत?"

"तू रागावशील म्हणून."

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने खुणावणारा, आणि आठ दिवस तोंड मिटून बसला होता. मी रागावले. खरंच खूप रागावले, आणि नंतर कितीतरी दिवस तो राग गेला नाही. हे मी लपवत नाही. एक वाक्य त्यांनी सोमवारी बोलायला हवं होतं. ते बोलले असते तर मी पूड आणलीच नसती. पण जनावरांच्या डॉक्टरांनीही मला तेच विचारलं होतं, काय लागलं ते बघा म्हणून, आणि मी घरी येऊन अप्पांना विचारलंही नव्हतं. ते कुणावर ढकलू?

अण्णा हळू आवाजात म्हणाला, "आता ऐक. भांडण नंतर करू. आधी त्याला त्या पाण्यातून बाहेर काढ."

धुणं भिजवायचा पांढरा मोठा टब घेतला, तो साबणाचा लवलेश राहणार नाही असा धुतला. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून थेंबथेंब गळणारं पाणी रात्री उशिरापर्यंत कॅनमध्ये साठवलं, कारण नळाचं पाणी माशाला तसंच चालत नाही. त्यात मीठ विरघळवलं, हवेचा पंप आणि ऊब देणारी कांडी सोडली. मग मासा पकडायचा. मी जाळी घेतली. आंधळा झालेला मासा जाळी लागताच फुगला, काटे उभे राहिले आणि जाळीत अडकून बसले. वर काढावं तर बाहेर हवा गिळून मरेल, खाली ठेवावं तर सुटेना. मी कोपरापर्यंत हात घालून जाळी पाण्यातच धरली, आणि अप्पा नखं कापायची कात्री घेऊन स्टुलावर उभे राहिले. एकेक दोरा कापत.

"डावीकडचा," मी म्हणत होते. "नाही, त्याच्या खालचा. अप्पा, त्याच्या अंगाला कात्री लागेल."

"बोलू नकोस. कापू दे."

वीसएक मिनिटं लागली असतील. शेवटी त्याने फुस्स करून पाणी सोडलं, लहान झाला, आणि आम्ही एक जुना प्लास्टिकचा डबा पाण्याखाली नेऊन त्याला डब्यात घेतलं आणि पाण्यासकट टबात सोडलं. अण्णा पुन्हा फोनवर होता, सगळं बघत होता. "डबाच वापरायचा असतो," तो म्हणाला. मी फोन उलटा ठेवला.

त्यानंतरचा महिना मला नुसता बादल्यांनी आठवतो. टबाला घाण पचवणारे जंतू वाढलेली गाळणी नव्हती, म्हणून पाणी रोज बदलायचं. आजच्या पाण्यात कालच मीठ कालवून ठेवायचं. फिल्टरचं पाणी कॅनमध्ये पडायचा टपटप आवाज मी स्वयंपाक करताना ऐकायचे, जेवताना ऐकायचे. मेडिकलमधून मॅग्नेशियम सल्फेट आणलं. सुजलेले पाय शेकायला आम्ही तेच लोकांना सांगतो. अण्णाने सांगितल्याप्रमाणे चमचाभर घातलं, सूज उतरावी म्हणून. आणि ती खरंच उतरू लागली. याचं श्रेय अण्णाला द्यायला हवं, देते. पण दर संध्याकाळी त्याचा फोन यायचा, पहिला प्रश्न "अमोनिया किती?", आणि रोज मला वाटायचं की फोन त्या टबातच सोडून द्यावा. तो प्रश्न योग्यच असायचा, हेच अधिक लागायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे मासा खाईना. दिसत नव्हतं त्याला. कोळंबीचा तुकडा तोंडासमोर सोडला तरी तो तळाला जाऊन पडायचा, पाणी नासवायचा, मग मी तो चमच्याने काढायचे. एकदा वैतागून बोटांनीच त्याच्या ओठाला लावला तर त्याने तुकडा सोडून माझं बोट धरलं. तिसऱ्यांचं कवच फोडणारे दात आहेत ते. दवाखान्यात दोन दिवस पट्टी बांधून चष्म्याचे नंबर काढत होते, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला माशाने चावल्याचं सांगावं लागत होतं. प्रत्येक जण हसायचा. डॉक्टरही हसले.

भरवण्याचं काम मग अप्पांनी घेतलं. मी घ्यायला सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. पापड भाजायचा लांब चिमटा त्यांनी घेतला, आणि पापडासाठी नवीन आणायला लागेल एवढं मला सांगितलं. सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते टबाशेजारी पाटावर बसायचे, गुडघे दुखत असताना. चिमट्यात कोळंबी, आणि ती त्याच्या गालाला हळूच लावायची, काढायची, पुन्हा लावायची. तोंडाने कानडीत काहीतरी पुटपुटत. लहानपणी आम्हाला भरवताना म्हणायचे तेच. चौथ्या दिवशीही त्याने काही घेतलं नाही. पाचव्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर अप्पा दारातच उभे.

"दोन तुकडे," ते म्हणाले. "दोन खाल्ले त्यानं."

मी "बरं झालं" म्हटलं आणि बादली उचलली. मला आनंद झाला होता, पण माझा राग अजून संपला नव्हता आणि तो झाकून हसायची माझी तयारी नव्हती. अप्पांना ते कळलं असावं. ते आत गेले आणि मिठाचं पोतं ओढत घेऊन आले. त्या वयात, ते पोतं. "ठेवा हो खाली!" मी ओरडले. "तुमचं काही मोडलं तर तेही मलाच बघायचंय!" असं बोलायला नको होतं. बोलले.

त्या रविवारी ते मला म्हणाले, "मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. शाळेत पोरं माझ्यापासून लपवायची तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा." एवढंच. माफी वगैरे शब्द आमच्या घरात वापरत नाहीत. मी म्हटलं, "मीही विचारायला हवं होतं." आणि चहा टाकला.

बाराव्या-तेराव्या दिवशी डावा डोळा निवळला. आधी कडेने काळा झाला, मग मधला धूर विरळ होत गेला, आणि एका सकाळी मी टबावर वाकले तर त्याने माझ्याकडे वळून बघितलं. केंडाचे डोळे माणसाच्या डोळ्यांसारखे फिरतात, ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. उजव्याची सूज गेली, पण मध्ये खोबऱ्याच्या कपच्यासारखा पांढरा डाग राहिला. माणसाच्या बुबुळावर असे डाग मी शेकड्यांनी पाहिले आहेत. तो जाणार नाही हे मला दिसताक्षणी कळलं. निदान तेवढं तरी बरोबर कळलं.

मोठी टाकी मी सगळी उपसली, मोडका दगड बाहेर फेकला, उरलेला एक छोटा मासा कसा जगला देव जाणे. महिनाभराने केंडाला परत आत सोडलं. पहिले काही दिवस तो उजवीकडच्या काचेवर धडकायचा. मग शिकला. आता वळताना तो नेहमी डाव्या अंगाने वळतो.

हिवाळ्यात अण्णा रजेवर आला. हुबळीत चुलतभावाचं लग्न होतं. बॅग खाली ठेवून तो आधी टाकीसमोर जाऊन उभा राहिला, बराच वेळ बघत होता, आणि म्हणाला, "डाग राहिलाच शेवटी."

मी कपडे वाळत घालत होते. आत आले, मागच्या व्हरांड्यातून दोन बादल्या आणि नळी आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "आज पाणी बदलायचा दिवस आहे," मी म्हटलं. "टॉवेल बाथरूममध्ये आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाह्या वर केल्या. तीन तास लागले त्याला. मिठाचं पाणी व्हरांड्यातून हॉलमध्ये आणताना दोनदा सांडलं, फरशी त्यानेच पुसली. शेवटी कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकून बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"दर आठवड्याला करतेस?"

"दहा दिवसांनी."

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तुम्ही दोघं उन्हाळ्यात महिनाभर मस्कतला या की. मी तिकिटं काढतो. अप्पांनाही बदल होईल."

अप्पा ताटातून वर बघून माझ्याकडे पाहू लागले.

"आणि इथे कोण बघणार?" मी विचारलं.

"त्या हुबळीच्या दुकानदाराला सांगतो ना मी. माणूस पाठवेल तो."

"तो निळ्या बाटलीवाला?"

अण्णा आमटी भुरकत राहिला. मग म्हणाला, "बरं, दुसरं कुणीतरी शोधतो." आठ दिवसांनी परत गेला तेव्हा कुणी सापडलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणत होता की बेळगावात एक जण आहे, खाऱ्या पाण्याचं काम जाणतो, त्याला विचारून बघतो. विचारू दे. एक मात्र आहे, अलीकडे तो आधी अप्पांचे गुडघे कसे आहेत ते विचारतो. अमोनियाचं त्याच्यानंतर.